समुद्र नसला म्हणून काय झालं?

वीकएंडला एकटंच कुठंतरी जाऊन पाण्याकाठी नुसतं बसावंसं वाटतंय? त्यासाठी गोव्याचं तिकीटच काढायला हवं असं थोडंच आहे! नगर-पुणेकरांना एका दिवसात, फार तर दोन दिवसांत करता येतील अशा काही शांत जागा... आणि अगदीच राहवत नसेल तर शेवटी एक समुद्रही!

शुक्रवारची संध्याकाळ. इनबॉक्समध्ये न वाचलेले चाळीस मेल, बॉसचं 'जाता जाता एवढं बघून घे' आणि कॉम्प्युटरवर वॉलपेपर कसला? तर निळाशार समुद्र, पांढरी वाळू आणि एक रिकामी खुर्ची! कुठल्याही ऑफिसात चक्कर मारा, हे चित्र दोन-तीन डेस्कवर तरी दिसणारच. गंमत म्हणजे त्या खुर्चीत कधीच कुणी बसलेलं नसतं. ती जणू आपल्याचसाठी रिझर्व्ह असते. फक्त तिथं पोचायला आपल्याला वेळ नसतो.

मी राहते केडगावला. (पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं केडगाव ते दौंड तालुक्यातलं. माझं केडगाव नगरचं. पुण्याहून येताना शहराच्या तोंडाशी लागणारं, रेणुकामातेच्या देवळाचं.) इथून जवळचा समुद्र म्हणाल, तर अडीचशेएक किलोमीटर. शनिवारी पहाटे निघालं तरी वाळूला पाय लागेपर्यंत दुपार होते आणि रविवारी सकाळी डोळे उघडताच परतीचं टेन्शन सुरू! म्हणून मी उलटा विचार केला. समुद्र लांब आहे ना? मग जवळ कुठं कुठं पाणी आहे ते बघू.

आता नगर आणि पाणी हे दोन शब्द एका वाक्यात आले की लोक हसतात. खरंय! नगर शहरात वर्षभरात सरासरी सहाशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. पण त्यामुळेच इथं साठलेलं पाणी दिसलं की समजायचं, ते कुणीतरी मुद्दाम अडवलेलं आहे. कधी निजामशाहीनं, कधी इंग्रजांनी, कधी आपल्या सरकारनं. त्यामुळे इथल्या प्रत्येक पाण्याला स्वतःची एक गोष्ट आहे, आणि एकट्या माणसाला ती ऐकायला निवांत वेळ असतो.

पण एकट्यानंच का?

ग्रुपबरोबर जाण्यात मजा आहेच. पण ग्रुपमध्ये पाण्याकडे बघतो कोण? फोटो, खाणं, अंताक्षरी आणि 'चला, पुढचा पॉइंट!' एकट्यानं गेलं की पुढचा पॉइंट नसतोच. पहिली वीस मिनिटं भयंकर अवघडल्यासारखं होतं. हात आपोआप मोबाइलकडे जातो. मग हळूहळू ते थांबतं आणि आवाज ऐकू यायला लागतात. काठावर आपटणारं पाणी, टिटवी, लांबवर कुणाचातरी पंप.

मुलींसाठी मात्र हे प्रकरण एवढं सोपं नाही. 'एकट्याच?' हा प्रश्न एसटीत, चहाच्या टपरीवर, लॉजच्या काउंटरवर, सगळीकडे भेटतो. एका पर्यटनस्थळी तर 'सोबत जेंट्स कोण आहेत?' असं विचारून मला रूमच नाकारली होती. जेंट्स नव्हते. मी होते, माझं आधार कार्ड होतं आणि पैसे होते! म्हणूनच खालची यादी करताना मी एक गोष्ट बघितली आहे : इथं एकटं माणूस कुणाला स्पष्टीकरण न देता तासभर बसू शकतं का?

अर्धा दिवस : भातोडी

नगरपासून वीसेक किलोमीटरवर भातोडी पारगाव आहे. इथला तलाव निजामशाहीच्या काळातला. १६२४ साली इथंच मोठी लढाई झाली. एका बाजूला मोगल आणि आदिलशाहीच्या एकत्र फौजा, दुसऱ्या बाजूला निजामशाहीचा वजीर मलिक अंबर. त्याच्याबरोबर शहाजीराजे आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी. समोरची फौज मोठी होती. अंबरानं डोकं लढवलं आणि तलावाचा बांध फोडून पाणी शत्रूच्या छावणीवर सोडलं. चिखलात तोफा, घोडे, माणसं सगळंच रुतलं! अंबर जिंकला, पण शरीफजी या लढाईत पडले. त्यांची समाधी इथं आहे.

आज इथं हॉटेल नाही, बोटिंग नाही, सेल्फी पॉइंट नाही. डबा आणि पाण्याची बाटली घेऊन जायचं, बांधावर बसायचं आणि उजेडात परत निघायचं. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर हे दिवस उत्तम. एप्रिलमध्ये गेलात तर तलाव बघायचा की तलावाचा तळ, असा प्रश्न पडेल!

अर्धा दिवस, पण पुण्याकडून : निघोज

पुणे-नगर रस्त्यावर शिरूरहून आत वळलं की पंचवीसेक किलोमीटरवर निघोज. पारनेर तालुक्यातलं हे गाव कुकडी नदीतल्या रांजणखळग्यांसाठी प्रसिद्ध आहे. पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे हजारो वर्षं एकाच जागी गरगर फिरत राहिले आणि त्यांनी काळ्या बेसॉल्ट खडकात रांजणाच्या आकाराचे खड्डे कोरले. ना छिन्नी, ना हातोडा. एकच काम, एकाच जागी, न थांबता! (अप्रेझलच्या दिवसांत हे दृश्य जरा जास्तच जवळचं वाटतं.) काठावर मळगंगा देवीचं मंदिर आहे आणि पात्रावर झुलता पूल.

इथं एक नियम कडक पाळा. खडक गुळगुळीत आहेत आणि खळग्यांची खोली वरून कळत नाही. एकटे असाल तर पाण्यात उतरायचं नाही आणि कडेला जाऊन फोटोही नको. पाय घसरला तर हात द्यायला शेजारी कुणी नसतं. पुलाच्या अलीकडे एखादी सपाट जागा बघा आणि बसा. नवरात्रात आणि देवीच्या यात्रेत गर्दी असते, तेव्हा जाणं टाळा.

एक दिवस : नेवासे आणि प्रवरासंगम

माझी सगळ्यात आवडती जागा हीच. नगरहून छत्रपती संभाजीनगरच्या हायवेला लागायचं आणि नेवासे फाट्यावरून आत वळायचं. प्रवरेच्या काठच्या या गावात ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे सन १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली. ज्या खांबाला टेकून त्यांनी ती सांगितली असं मानतात, तो 'पैस' खांब आजही मंदिरात आहे. श्रद्धा असो-नसो, सकाळच्या वेळी इथल्या सभामंडपात पाच मिनिटं डोळे मिटून बसून बघा. मेडिटेशन अ‍ॅपची गरज पडणार नाही.

तिथून पुन्हा हायवेला येऊन प्रवरासंगम गाठायचं. इथं प्रवरा गोदावरीला मिळते. टोक्याचं सिद्धेश्वर मंदिर, त्याचं दगडी कोरीवकाम, पाण्यात उतरणाऱ्या घाटाच्या पायऱ्या आणि समोर दोन नद्यांचं रुंद पात्र. जायकवाडीचा नाथसागर भरला की त्याचा फुगवटा इथपर्यंत येतो आणि मग पैलतीर असा काही लांब जातो की क्षणभर समुद्राचाच भास होतो. हिवाळ्यात नाथसागरावर दूरदूरचे पक्षी येतात. फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित, त्यातलेच. १९८६ साली हा जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. दुर्बीण असेल तर बॅगेत टाका.

या घाटावर बायका खूप असतात, पण बसलेली एकही नसते. कुणी कपडे धुतेय, कुणी कळशी भरतेय, कुणी ओटी भरायला आलीय. पाण्यावर बाई दिसते ती कामानंच. मागच्या हिवाळ्यात मी पायरीवर तासभर बसलेली बघून धुणं धुणाऱ्या एका आजींनी विचारलं, "कुनाची वाट बघती गं पोरी?"

"कुणाची नाही, आजी. नुसती बसलेय."

त्यांनी पिळा झटकला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "बस मग. आमाला तेवढंच नाय जमलं कधी."

सोलो ट्रॅव्हलवर इंग्रजी मासिकांत पानंच्या पानं वाचली आहेत. या एका वाक्याएवढं काहीच लक्षात राहिलं नाही. आपला वीकएंड, आपला पगार, आपलं तिकीट आणि नुसतं बसायची मुभा... हे सगळं एकाच वेळी हातात असणं किती नवीन आहे! माझ्या आजीच्या पिढीत एकट्या बाईनं पाण्याकाठी बसून राहणं म्हणजे लोकांना काळजीच वाटायची. आज काठावर बसलेली प्रत्येक मुलगी ते दृश्य जरा जरा ओळखीचं करतेय.

दोन दिवस : भंडारदरा

नगर-संगमनेर-अकोले-राजूर असा साधारण दीडशे किलोमीटरचा, चार तासांचा प्रवास. जिल्हा एकच, पण हवा पूर्ण वेगळी! केडगावात धूळ उडत असते तेव्हा घाटघर-रतनवाडीच्या बाजूला ढग जमिनीला टेकलेले असतात. प्रवरेवरचं इथलं विल्सन धरण १९१० साली बांधायला घेतलं आणि १९२६ साली पूर्ण झालं. उंची सुमारे ८२ मीटर. मागच्या जलाशयाचं नाव आर्थर लेक. धरणातून पाणी सोडलं की ते खडकावरून छत्रीसारखं पसरतं, तोच 'अम्ब्रेला फॉल'. जवळच रंधा धबधबा, आणि समोर १६४६ मीटरचं कळसूबाई.

मुक्कामासाठी एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे, शेंडी गावात साध्या खोल्याही मिळतात. पाणी बरं असलं की शेंडीहून रतनवाडीला बोटीनं जाता येतं. तिथलं अमृतेश्वराचं प्राचीन मंदिर बघायला अर्धा दिवस हाताशी ठेवा. एकटे असाल तर तलावाकाठच्या तंबूंपेक्षा गावातली खोली बरी. तंबूंच्या बाजूला शनिवारी रात्री स्पीकर लागले की शांततेचे बारा वाजतात. आणि हो, मे महिन्याच्या शेवटी नि जूनच्या सुरुवातीला इथं झाडं काजव्यांनी लखलखतात. दृश्य अप्रतिम! पण त्याच दिवसांत अख्खं पुणे-मुंबई इथं असतं. शांतता हवी असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरमधला मधला वार गाठा.

अजून एक. हे पाणी कुणाचंतरी आहे, हे काठावर बसताना विसरायचं नाही. भंडारदऱ्याचं पाणी खाली शेतीला जातं. पाऊस कमी झाला की २००५ च्या समन्यायी पाणीवाटपाच्या कायद्याप्रमाणे वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडावं लागतं आणि त्यावरून नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा असा वाद पेटतो. नगर शहर ज्यावर जगतं ते मुळा धरणही त्यातच येतं. म्हणजे भंडारदऱ्यात आपण फेकलेली बाटली ज्या नदीत जाते, तीच नदी पुढे त्या आजींच्या घाटावरून वाहते. तेव्हा कचरा बॅगेत, साबण-शाम्पू खोलीत, प्लीज!

समुद्रच हवा असेल तर : वेळास

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात बाणकोटच्या किल्ल्याजवळचं हे छोटंसं गाव. नाना फडणविसांचं मूळ गाव. इथं ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं अंडी घालायला येतात. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेनं २००२ साली गावकऱ्यांच्या साथीनं त्यांची घरटी जपायला सुरुवात केली. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, सकाळी आणि संध्याकाळी, अंड्यांतून बाहेर आलेली पिल्लं वाळूवर सोडतात आणि ती तुरुतुरु समुद्राकडे निघतात.

सोलोवाल्यांसाठी वेळास का? कारण इथं राहायचं ते गावकऱ्यांच्या घरात. जेवण घरचं, पंगत ओळखी-अनोळखींची, त्यामुळे एकटं जेवायचा अवघडलेपणा नाही. 'एकट्याच?' असं इथंही विचारतात, पण पुढचा प्रश्न 'सोलकढी घेणार का?' असतो! फोन करून किती पिल्लं निघतायत याचा अंदाज घ्या आणि मगच निघा. सुट्टीचा दिवस टाळता आला तर फारच छान.

निघण्याआधी...

• कुठं जाताय आणि कधी परतणार, हे घरच्या किंवा भरवशाच्या एका माणसाला नक्की सांगा. लोकेशन शेअर करा. नेटवर्क दरीत गायब होतं, म्हणून वेळ ठरवून ठेवा.

• मुक्काम असेल तर खोली फोनवर बुक करतानाच 'मी एकटी येणार आहे' असं स्पष्ट सांगा. नकार मिळायचाच असेल तर घरी बसून मिळालेला बरा.

• मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. शेवटची परतीची गाडी किती वाजता, हे मात्र उतरल्या उतरल्या कंट्रोलरला किंवा टपरीवाल्याला विचारून ठेवा.

• तलाव, धरण, नदी काठावरूनच बघायची. गाळाचा अंदाज पोहणाऱ्यालाही येत नाही. बोटीत लाइफ जॅकेट दिलं नाही, तर बोट सोडून द्या.

• ११२ हा इमर्जन्सी नंबर लक्षात असू द्या.

• एक पुस्तक घ्या. वाचून होणार नाही, पण मांडीवर पुस्तक असलं की लोक फार प्रश्न विचारत नाहीत!

बाकी लिस्ट मोठी करू नका. पाच ठिकाणं एका वीकएंडला 'कव्हर' करायला निघालात तर सोमवारी ऑफिसात येऊनच विश्रांती घ्यावी लागेल. एक जागा निवडा. पहिली वीस मिनिटं कशीबशी काढा. पुढचं पाणी बघून घेईल.