पठारावरचा रियाज

तबला, पेटी, सतार, बासरी यांपैकी काहीही शिकणाऱ्याला विचारा, सर्वांत वाईट दिवस कुठले? पहिले, असं फार थोडे जण म्हणतील. पहिल्या दिवसांत बोटं दुखतात, धड आवाज निघत नाही, घरातले लोक आतल्या खोलीचं दार लावून घेतात. पण रोज काही ना काही नवं हाताला लागत असतं. वाईट दिवस येतात ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी. दोन-तीन परीक्षा झालेल्या असतात, गणेशोत्सवात चार लोकांसमोर वाजवून झालेलं असतं आणि एकाएकी हात थबकतो. रियाज तेवढाच, लय तीच आणि अडण्याची जागाही तीच. महिना जातो, दोन जातात, कधी सहा जातात. बरेच जण इथेच सोडून देतात. किती घरांच्या माळ्यावर गवसणीत गुंडाळलेले तबले पडून आहेत! त्यांचे मालक सांगतात, ‘आपल्या हातातच ते नव्हतं हो.’ मला हे पटत नाही.

मी बीएला मानसशास्त्र घेतलं होतं. पुढे कवितेच्या नादी लागलो, पण पाठ्यपुस्तकातला एक आलेख डोक्यात राहिला. शिकण्याची रेषा वर चढत जाते, मग बराच वेळ आडवी चालते आणि पुन्हा चढते. त्या आडव्या भागाला पुस्तकात नाव होतं ‘पठार’. घाट चढून आल्यावर सपाटी लागावी, तसं.

हे पठार पहिल्यांदा नीट मोजलं गेलं ते तारखात्यातल्या कामावर. विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर या दोन अमेरिकनांनी 1897 आणि 1899 साली त्यावर लेख लिहिले. तारेचा कडकट्ट ऐकून मजकूर उतरवायला शिकणारी माणसं त्यांनी आठवड्यामागून आठवडे तपासली. तार पाठवण्याचा वेग हळूहळू वाढत होता. ऐकून घेण्याचा मात्र मध्येच कित्येक आठवडे ठप्प व्हायचा आणि नंतर अचानक उसळी घ्यायचा. त्यांनी लावलेला अर्थ असा, की शिकाऊ माणूस आधी एकेक अक्षर ऐकतो, मग अख्खा शब्द ऐकू लागतो, पुढे वाक्यच्या वाक्य. अक्षरांचे शब्द होत असतात तेव्हा वरून काहीच हलताना दिसत नाही. आत मात्र काम चालू असतं.

आता हे तबल्यावर आणून बघू. ‘तिरकिट’ हा बोल घ्या. ऐकायला एक शब्द, पण हातांना चार कामं. ‘ति’ आणि ‘र’ उजव्या हाताच्या वेगवेगळ्या बोटांनी शाईवर, ‘कि’ डाव्या हाताने डग्ग्यावर, ‘ट’ पुन्हा उजव्याने. मिनिटाला साठ मात्रांची लय धरली आणि एका मात्रेत चार अक्षरं बसवली, तर सेकंदाला चार आघात होतात. हे वर्षभरात जमतं. लय नव्वदवर नेली की सेकंदाला सहा, एकशेवीसवर आठ. तिथे ‘र’ गिळला जातो नाहीतर ‘कि’ पुसट होतो. विद्यार्थ्याला वाटतं, बोटांत वेग नाही. म्हणून तो आणखी जोरात, आणखी वेळ वाजवतो. बोटं आखडतात आणि गिळलेला ‘र’ पक्का होतो. चुकीचा बोल हजारदा वाजवला, तर हजारदा चुकीचाच रियाज झाला ना!

मी ज्यांच्याकडे शिकलो त्यांना आम्ही सारी मुलं चाचा म्हणत असू. आमच्या मोहल्ल्यात त्यांच्या दोन खोल्या होत्या. हात अडला की ते तबला बाजूला सारायला लावत आणि दखनीत म्हणत, ‘‘पहिले मुंह से निकाल, फिर हात लगा.’’ हीच ती पढंत. हाताने टाळी-खाली दाखवत, कायदा तोंडाने म्हणायचा. गंमत अशी, की हात जिथे अडतो तिथेच बहुधा जीभही अडखळते! मग दोष बोटात नाही, बोलाच्या समजेत आहे, हे कळतं. उलट तोंडाने स्वच्छ येत असेल आणि हाताला येत नसेल, तर दोष खरोखर बोटाच्या ठेवणीत असतो. एवढी साधी परीक्षा, पण किती उपयोगाची! 2024 साली आपल्यातून गेलेले उस्ताद झाकिर हुसेन सांगत असत, की त्यांच्या जन्मानंतर वडिलांनी, म्हणजे उस्ताद अल्लारखाँनी, त्यांच्या कानात तालाचे बोल म्हटले. बोल कानात आधी जातात, हातात नंतर उतरतात, अशी ही परंपरा आहे.

पढंतीनंतर लय उतरवायची. हा भाग कोणाला आवडत नाही. एकशेवीसला पोचलेल्या मुलाला साठवर या म्हटलं की त्याला नापास झाल्यासारखं वाटतं. पण अडलेला तुकडा ज्या लयीत स्वच्छ येतो, ती त्याची आजची खरी लय. तिथून चार-चार, पाच-पाच मात्रांनी वर जायचं. आणि सबंध कायदा नाही वाजवायचा. फक्त अडलेला बोल, त्याच्या आधीचा एक आणि नंतरचा एक. ठेच बहुधा बोलात लागत नाही, एका बोलातून दुसऱ्यात जाताना लागते. आता मोबाइलवर लेहरा मिळतो, वाजवलेलं ध्वनिमुद्रितही करता येतं. आमच्या वेळी ही चैन नव्हती. स्वतःचं मुद्रण जरूर ऐका. वाजवताना जे ऐकू येत नाही, ते मुद्रणात लख्ख ऐकू येतं.

पण सगळी पठारं ब्रायन-हार्टरची नसतात. काही पठारांवर आतही काही चालू नसतं. 1993 साली अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हेतू ठेवून, एकेक दोष हेरून केलेला सराव आणि नुसतं वाजवत बसणं यांत एरिक्सननी फरक केला. एखादी गोष्ट विनासायास जमू लागली की माणूस तिथेच स्थिरावतो, असं त्यांचं म्हणणं. येणारेच चार कायदे रोज त्याच क्रमाने वाजवून उठणारा माणूस या जातीच्या पठारावर असतो. त्याला कंटाळा आलेला असतो, आणि तो त्याला थकवा समजतो.

मग आपलं पठार कुठलं, हे ओळखायचं कसं? मी कानावरून ओळखतो. स्वतःचं वाजवणं ऐकताना दोष खुपत असतील, तर कान हाताच्या पुढे गेलेला आहे. हात येईल मागून, धीर धरावा. काहीच खुपत नसेल, तर मात्र गुरूकडे जावं, नाहीतर दुसऱ्या कोणाच्या साथीला बसावं. साथीत आपलं पाठांतर चालत नाही, गायकाच्या श्वासाबरोबर ठेका धरावा लागतो आणि झोपलेला कान जागा होतो. अहमदजान थिरकवाँ म्हणजे स्वतंत्र वादनातलं केवढं मोठं नाव! तेही गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना साथ करत असत. साथीला कमी लेखणाऱ्या आजच्या पोरांनी हे ध्यानात ठेवायला हवं.

झोपेचं एक सांगायला हवं. बोटांच्या हालचालींचा ठरावीक क्रम शिकलेल्या लोकांचा हात रात्रीच्या झोपेनंतर, मध्ये काही सराव न करता, अधिक वेगवान झाल्याचं 2002 साली हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवलं. तेव्हा परीक्षेच्या आदल्या रात्री दोनपर्यंत तबला बडवणाऱ्यांनी आणि त्यांना तसं बसवणाऱ्या पालकांनी झोपावं हे उत्तम. मनगट किंवा कोपर दुखत असेल, तर ते पठार नव्हे. ते दुखणं आहे, डॉक्टरांना दाखवावं.

आणि पावसाळ्यात हात बिघडल्यासारखा वाटला, तर आधी तबला तपासा. दमट हवेने कातडं सैल पडतं, स्वर उतरतो, चाटेचा नाद बसका येतो. विद्यार्थी बिचारा आठ दिवस स्वतःला कोसत राहतो. हातोडी घ्यावी, गठ्ठे थोडे खाली ठोकावेत, स्वर मिळवावा आणि मग त्याच कायद्याला पुन्हा साठच्या लयीत बसावं.