घरातली कामं, एका साध्या फाइलमध्ये

‘‘शाळेची फी भरायची शेवटची तारीख कालच होती ना?’’ सकाळी डबा भरताना कानावर आलेला हा प्रश्न अख्खा दिवस बिघडवायला पुरेसा असतो. तारीख घरात सगळ्यांना ठाऊक असते, पण लक्षात ठेवायची जबाबदारी एकाच्याच डोक्यावर असते आणि बहुतेक घरांत ते डोकं आईचं असतं.

मग मोबाइलमध्ये एखादं अॅप येतं. पण अॅपचं आयुष्य आपल्या हातात नसतं. कामांच्या यादीचं ‘वंडरलिस्ट’ हे लोकप्रिय अॅप २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं आणि मे २०२० मध्ये ते बंद झालं. वापरणाऱ्यांना आपल्या याद्या दुसरीकडे हलवाव्या लागल्या. यादी आपल्याच हातात राहावी असं वाटत असेल, तर ‘टूडू डॉट टीएक्सटी’ ही पद्धत जाणून घ्या.

नियम अगदी मोजके

‘लाइफहॅकर’ या संकेतस्थळाच्या संस्थापक जीना ट्रापानी यांनी २००६ मध्ये ही पद्धत सुरू केली. यात फक्त एक साधी टेक्स्ट फाइल असते. ती कोणत्याही फोनवर, कोणत्याही कॉम्प्युटरवर उघडते आणि मराठीतही लिहिता येते.

* एका ओळीत एकच काम.
* काम तातडीचं असेल तर ओळीच्या सुरुवातीला कंसात इंग्रजी कॅपिटल ‘ए’, त्यानंतरच्या महत्त्वाचं असेल तर ‘बी’.
* काम कशासाठी आहे ते ‘+’ लावून आणि कुठे किंवा कोणाबरोबर करायचं ते ‘@’ लावून लिहा.
* काम झालं की ओळीच्या आधी छोटा ‘एक्स’ आणि एक मोकळी जागा.

उदाहरणार्थ:

आजोबांच्या गोळ्या आणणे +औषधं @बाबा
गॅसचं बुकिंग करणे +घर @ताई
वीजबिल भरणे +बिलं @आई

टाइप करा, काम संपवा

कॉम्प्युटरवर काळ्या पडद्याची एक खिडकी असते, तिला कमांड लाइन म्हणतात. माउसऐवजी तिथे टाइप करून हुकूम द्यायचा. या पद्धतीसाठी ‘टूडू डॉट एसएच’ ही छोटी स्क्रिप्ट मोफत मिळते. तिच्या नावापुढे ‘अॅड’ लिहून काम टाइप केलं की ते यादीत जातं. ‘एलएस’ लिहिलं की सगळी कामं क्रमांकासह दिसतात, तातडीची सर्वांत वर. ‘एलएस @बाबा’ लिहिलं की फक्त बाबांची कामं समोर येतात. ‘डू ३’ लिहिलं की तिसऱ्या क्रमांकाचं काम झालं अशी नोंद होते आणि ते ‘डन’ नावाच्या दुसऱ्या फाइलमध्ये जातं.

लिनक्स आणि मॅकवर हे सहज चालतं. अँड्रॉइड फोनवर ‘टर्मक्स’ अॅप घेतलं तर तिथेही कमांड लाइन मिळते. हे अवघड वाटलं तर काळजी करू नका. तीच फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून हाताने लिहिली तरी चालते. घरात कॉलेजला जाणारं कोणी असेल तर स्क्रिप्ट बसवायचं काम त्याच्याकडे द्या.

हे विसरू नका

* ही फाइल गजर वाजवत नाही. गोळ्यांच्या वेळा आणि बिलाच्या तारखा यांच्यासाठी फोनचा अलार्म लावाच.
* फाइल कोणालाही वाचता येते. त्यामुळे त्यात पासवर्ड, एटीएमचा पिन लिहू नका.
* काम संपवल्यावर बाकीच्यांचे क्रमांक बदलतात. म्हणून ‘डू’ लिहिण्याआधी यादी पुन्हा बघा.
* आठवड्यातून एकदा फाइलची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा.

यादी सगळ्यांची

खरा फायदा कमांडचा नाही, नावांचा आहे. रविवारी चहा घेताना दहा मिनिटं सगळे एकत्र बसा आणि प्रत्येक ओळीपुढे कोणाचं तरी नाव लिहा. महिनाअखेरीस ‘डन’ फाइल उघडून मोठ्याने वाचा. आईच्या नावापुढच्या ओळी किती लांबवर जातात, हे तेव्हा घराला पहिल्यांदाच दिसेल. मग पुढच्या महिन्याची वाटणी करताना फार बोलावं लागणार नाही.