झग्याखालची कट्यार

'दहशतवाद' हा शब्द आपण वर्तमानपत्रांत नेहमी वाचतो, आणि बाँब-बंदुकांबरोबरच तो जन्माला आला असावा असे आपल्याला वाटते. युरोपात हा शब्द फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी, १७९० नंतर रूढ झाला, हे खरे. पण शब्द नवा, वस्तू जुनी. तिचेच एक जुने उदाहरण आज पाहू.

स्थळ जेरुसलेम, काळ इसवी सनाचे पहिले शतक. ज्यू लोकांच्या या देशावर तेव्हा रोमचा अंमल होता. इ. स. ६ मध्ये रोमने तिथे शिरगणती केली. माणसे आणि मालमत्ता मोजली की पाठोपाठ कर येणार, हे लोक ओळखून होते. गालिलीच्या यहूदाने त्यांना उठवले. देवाखेरीज दुसरा धनी मानायचा नाही, असे त्याचे म्हणणे. राग धुमसत राहिला आणि इ. स. ५० नंतर त्यातून एक टोळी पुढे आली. लॅटिनमध्ये 'सिका' म्हणजे आखूड, वाकडी कट्यार. तिच्यावरून या टोळीला 'सिकारी' म्हणू लागले. आपल्या 'शिकारी' शब्दाशी याचे नाते नाही बरे का, नुसता उच्चार जवळचा!

त्यांची रीत अशी. सणाच्या दिवशी मंदिराजवळ अफाट गर्दी जमे. सिकारी झग्याखाली कट्यार लपवून गर्दीत शिरत, भरदिवसा वार करीत आणि माणूस कोसळला की स्वतःच 'धावा, धावा' म्हणून ओरडणाऱ्यांत मिसळून जात. योनाथान हा धर्मगुरू पहिला बळी. नेम बहुतेक रोमन शिपायांवर नसे. रोमशी जमवून घेणाऱ्या आपल्याच माणसांवर असे. त्या काळचा इतिहासकार जोसेफस सांगतो की, प्रत्यक्ष खुनांपेक्षा त्यांची धास्तीच मोठी झाली. मित्र जवळ आला तरी विश्वास वाटेना. जोसेफस पुढे रोमनांना मिळालेला माणूस, तेव्हा त्याचे शब्द पारखूनच घ्यावेत. पण तो त्याच शहरात वाढला होता, हेही विसरू नये.

आता गंमत पाहा. याच जोसेफसच्या म्हणण्याप्रमाणे योनाथानाचा खून खुद्द रोमन सुभेदार फेलिक्स याने पैसे चारून करविला, कारण योनाथान त्याला कारभार सुधारण्याचा उपदेश वरचेवर करी! खुनी सुटले आणि त्यांची भीड चेपली. पुढच्या एका सुभेदाराच्या काळात त्यांनी मंदिराच्या अधिकाऱ्याचा चिटणीस पळवला आणि त्याच्या बदल्यात दहा कैदी सोडवून घेतले. सौदा जमतो असे दिसताच माणसे पळवण्याचा धंदाच सुरू झाला.

इ. स. ६६ मध्ये उघड बंड पेटले. बंडखोरांनी सावकारांची खतपत्रे ठेवलेले दप्तर जाळले. कर्जात बुडालेला गरीब आपल्या बाजूला यावा, हा त्यातला हेतू. म्हणजे गाऱ्हाणे खरे होते. नुसत्या माथेफिरूंची ही गोष्ट नव्हे. पण कट्यारीला सवय लागली की ती शत्रू-मित्र पाहत नाही. मसादाच्या डोंगरी किल्ल्यावर ठाण मांडलेल्या सिकारींनी ऐन सणात एन-गेदी या ज्यू गावावर धाड घातली. सातशेहून अधिक बायका-मुले मारली गेली, असे जोसेफस लिहितो.

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेम घेतले आणि मंदिर जाळले. तीन-चार वर्षांनी मसादाही पडला. वेढ्यातल्या लोकांनी शरण जाण्याऐवजी एकमेकांना मारून घेतले, नऊशे साठ माणसे गेली, असे जोसेफस सांगतो. त्या हकिकतीबद्दल संशोधकांत आजही वाद आहे.

शिक्षकबंधूंनी हा इतिहास वर्गात सांगताना दोन्ही बाजू मांडाव्यात. एकीकडे कर, कर्ज आणि खुन्यांनाच हाताशी धरणारा सुभेदार. दुसरीकडे शेजाऱ्याचा शेजाऱ्यावरचा विश्वास कापणारी कट्यार. रोमन फौज वेशीवर येऊन ठाकली, तेव्हा शहरातले ज्यू गट आपसातच लढत होते. एकमेकांवर भरवसा ठेवण्याची ताकद त्या शहराने आधीच गमावली होती.