डायलिसिसच्या छोट्या कंपनीत पैसे घालताना

मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी एका श्रोत्यांनी विचारलं, "डायलिसिसचा पेशंट आठवड्याला तीनदा येणारच. मग हा धंदा बुडेल कसा?" प्रश्न चांगला होता, म्हणून आज आम्ही एकच कंपनी घेतो आहोत: डायलिसिस कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका. नाव भारदस्त, पण कंपनी छोटी. मुख्यालय मेरीलँडमध्ये, शेअर नॅस्डॅकवर.

आधी मशीनचा हिशोब बघू. एक बैठक साधारण चार तासांची. दिवसाला तीन पाळ्या, सोम-बुध-शुक्र एक गट, मंगळ-गुरु-शनि दुसरा. म्हणजे एका मशीनवर सहा पेशंट. जागेचं भाडं, पाणी शुद्ध करणारा आरओ प्लांट, नर्सचा पगार हे सगळं पाळी रिकामी गेली तरी द्यावंच लागतं. म्हणून नवं सेंटर सुरुवातीला तोट्यातच असतं, आणि चौथा-पाचवा पेशंट आला की चित्र पालटतं. इथवर गणित कुणालाही जमेल.

खरी मेख पुढे आहे. पैसे कोण देतं?

अमेरिकेत 1972 च्या कायद्याने मूत्रपिंड निकामी झालेल्या बहुतेक सगळ्यांना, वयाची अट न ठेवता, मेडिकेअर ही सरकारी योजना लागू झाली. त्यामुळे गिऱ्हाईक नक्की, पण दर सरकारचा. 1983 पासून एका बैठकीला ठरलेला दर. महागाई वाढली म्हणून सेंटरवाल्याला तो वाढवता येत नाही. ज्याच्याकडे नोकरीतला खासगी विमा आहे, त्याचा विमा पहिले तीस महिने आधी पैसे देतो, आणि तो दर मेडिकेअरच्या काही पट असतो. म्हणजे शंभरातले थोडे पेशंट नफा देतात, बाकीच्यांवर जेमतेम खर्च निघतो. छोट्या कंपनीच्या एखाद्या सेंटरमधले असे दोन-चार पेशंट कमी झाले (प्रत्यारोपण झालं, मुदत संपली, किंवा माणूस गेला), तर त्या तिमाहीचा आकडा हलतो. हे बोलताना आम्हालाही अवघडल्यासारखं होतं. पण ताळेबंद वाचताना हे डोळ्याआड करून चालत नाही.

आता इंजेक्शनकडे वळू. डायलिसिसच्या पेशंटला रक्त वाढवण्यासाठी इपीओ लागतं. मेडिकेअर त्याचे पैसे बैठकीच्या दराव्यतिरिक्त वेगळे देई, म्हणजे जितकं औषध जास्त तितकं बिल जास्त. 1 जानेवारी 2011 पासून औषध त्याच एका दरात कोंबलं गेलं. काल जे उत्पन्न होतं ते एका रात्रीत खर्च झालं! पेशंट तेच, मशीन तीच. आणि औषध स्वस्तात मिळवायचं तर मोठी खरेदी हवी. डाविटा आणि फ्रेझेनिअस या दोन कंपन्यांकडे देशातले निम्म्याहून अधिक पेशंट; त्यांच्यापुढे सात राज्यांतली पस्तीसेक सेंटरं काय घासाघीस करणार?

हा बदल दाराशी आला असतानाच, 2010 मध्ये, टेक्सासच्या यू. एस. रिनल केअरने ही कंपनी विकत घेतली. शेअरमागे 11.25 डॉलर रोख. ज्याने स्वस्तात घेतला होता तो हसला, वरच्या भावाला अडकलेला गप्प बसला. आमच्या मते विकण्याचा निर्णय शहाणपणाचाच होता.

आपल्याकडे 2016 मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला. जिल्हा रुग्णालयात जागा, वीज, पाणी सरकारचं. मशीन, आरओ प्लांट आणि माणसं खासगी भागीदाराची. इथेही दर कंपनीच्या हातात नाही, तो करारात लिहिलेला असतो. तेव्हा अशा कंपनीचा अहवाल हातात आला तर सेंटरांची संख्या नंतर बघा, आधी 'येणे बाकी' बघा. सरकारी बिलं किती महिने अडकली आहेत ते तिथे दिसतं. कारण तेवढे महिने डायलायझर आणि ट्यूबिंग स्वतःच्या खिशातून आणावं लागतं, आणि ते जमलं नाही तर खुर्चीवरचा माणूस थांबू शकत नाही.