‘बॅक टू स्क्वेअर वन’ म्हणजे नेमके काय? फुटबॉल की सापशिडी, कुठून आला हा वाक्प्रचार?

वाटाघाटी फिसकटल्या, निविदा रद्द झाली किंवा जुळत आलेले लग्न मोडले, की ‘वुई आर बॅक टू स्क्वेअर वन’ असे इंग्रजीत सहज म्हटले जाते. हा ‘स्क्वेअर वन’ म्हणजे पहिला चौकोन. पण तो नेमका कुठला?

अर्थ काय?
बरीच धडपड करूनही पुन्हा सुरुवातीच्या ठिकाणी येऊन पडणे, हा याचा अर्थ. ‘स्टार्ट फ्रॉम स्क्रॅच’ म्हणजे शून्यापासून सुरुवात. त्यासाठी आधी काही फसलेले असावे लागत नाही. ‘बॅक टू स्क्वेअर वन’मध्ये मात्र केलेले कष्ट वाया गेल्याची खंत असते. म्हणून मराठीत त्याला ‘श्रीगणेशा’पेक्षा ‘पहिले पाढे पंचावन्न’ अधिक जवळचे.

रेडिओची गोष्ट
सर्वात लोकप्रिय कथा बीबीसीची आहे. २२ जानेवारी १९२७ रोजी आर्सेनल आणि शेफिल्ड युनायटेड यांच्यातील फुटबॉल सामन्याचे रेडिओवरून थेट समालोचन झाले. श्रोत्यांना चेंडू कुठे आहे ते कळावे म्हणून ‘रेडिओ टाइम्स’ साप्ताहिकाने मैदानाचे ८ चौकोन पाडलेला नकाशा छापला होता. एकजण खेळाचे वर्णन करी, तर दुसरा चौकोनाचा क्रमांक सांगे. चेंडू मागे गोलरक्षकाकडे गेला की ‘बॅक टू स्क्वेअर वन’, असे सांगितले जाते.

नकाशा खरा आहे. त्यातून वाक्प्रचार जन्मला हे मात्र पटत नाही. गोल झाल्यावर खेळ पहिल्या चौकोनातून नव्हे, मैदानाच्या मध्यावरून पुन्हा सुरू होतो. शिवाय या वाक्प्रचाराचे वारंवार दाखवले जाणारे जुने छापील उदाहरण १९५२चे, म्हणजे त्या सामन्यानंतर तब्बल २५ वर्षांनी सापडते.

धागा भारतापर्यंत
ते उदाहरण ‘इकॉनॉमिक जर्नल’ या अर्थशास्त्राच्या नियतकालिकातले असून, त्यात पहिल्या चौकोनाचा संबंध थेट सापशिडीशी जोडला आहे. सापाने गिळले की सोंगटी खाली घसरते. खेळाडूची निराशा या वाक्प्रचारात नेमकी उतरते. बहुतेक पटांवर पहिल्या घरापर्यंत नेणारा साप नसतो, हा आक्षेपही घेतला जातो. लंगडी घालत चौकोन ओलांडण्याच्या मुलांच्या खेळाकडेही काहीजण बोट दाखवतात. त्यामुळे उगमावर शिक्कामोर्तब झालेले नाही. पण सापशिडीचे पारडे जड आहे.

हा खेळ १९व्या शतकाच्या अखेरीस भारतातून इंग्लंडमध्ये गेला. महाराष्ट्रात तो ‘मोक्षपट’ म्हणून ओळखला जाई. शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण आणि शेवटचे घर म्हणजे मोक्ष. म्हणजे इथे घसरण केवळ फाशांच्या दानाची नव्हती, माणसाच्या वागण्याचीही होती.

कधी वापरावा?
नव्या कामाचा आरंभ सांगताना हा वाक्प्रचार वापरू नये. काम पुढे सरकून पुन्हा मूळपदावर आले असेल, तेव्हाच ‘बॅक टू स्क्वेअर वन’ म्हणावे.