बाण मोजायला लागू नयेत म्हणून

पहाटे 5.30

मैदानावर सगळ्यात आधी मी पोहोचतो, आणि धनुष्यांच्या खोलीचं कुलूप काढण्यापूर्वी बट्रेसपाशी जातो. ज्या ठोकळ्यावर बाण मारायचे, त्याला आमच्याकडे पोरांपासून पालकांपर्यंत सगळे बट्रेस म्हणतात. प्रत्येकाच्या मधोमध तळहात ठेवून दाबून बघायचं. हात आत दबला, पुठ्ठ्याच्या पट्ट्या सैल लागल्या, तर त्या बट्रेसवर आज कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य लावायचं नाही. टोकं पुढे वळलेल्या रिकर्व्ह धनुष्याचा बाण सेकंदाला पंचावन्न-साठ मीटरने येतो, कंपाउंडचा त्याहून बराच जोरात. मधला भाग मऊ झाला की बाण पिसांसकट आत जातो आणि ओढताना पिसं तिथंच राहतात. कार्बनच्या बाणांचा एक संच बिघडला, तर इथल्या कित्येक घरांचं महिन्याचं गणित बिघडतं.

आज दोन बट्रेस दबले. एक कसून चालेल, दुसऱ्याचा मधला भाग बदलावा लागेल. शिवाय एक नवा आजच उभा करायचा आहे. मे संपत आलाय, पुढच्या पंधरवड्यात कधीही पाऊस येईल आणि ओल्या पुठ्ठ्याचं काही करता येत नाही.

सकाळी 6

पोरं आली. सातारा जिल्ह्यात आता आर्चरी म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा, मजुरी करणाऱ्या घरातला प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकला खेळला. 2023च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत सतरा वर्षांची अदिती स्वामी कंपाउंडची विश्वविजेती झाली. त्याच स्पर्धेत, मूळ नागपूरच्या पण साताऱ्यात सराव करणाऱ्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण घेतले. तेव्हापासून दर सुट्टीत कुणी ना कुणी आई-बाप मुलाला घेऊन येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "सर, धनुष्य केवढ्याला पडतं?"

धनुष्याचं नंतर बघू, असं मी त्यांना सांगतो. इंडियन राउंड या देशी प्रकारासाठी बांबूचं धनुष्य आहे, सुरुवात त्यावर होते. खरा खर्च सरावाचा असतो. तिरंदाज घडतो तो बाणांच्या संख्येवर, आणि प्रत्येक बाण कुठल्या तरी बट्रेसमध्ये घुसून त्याला थोडा थोडा खात असतो. कारखान्यात तयार झालेला फोमचा चांगला बट्रेस हजारो रुपयांना येतो. खेड्यातल्या शाळेने कसाबसा एक घेतला की तो जपून वापरायचा म्हणून मुलांना बाण मोजून दिले जातात. मला हे सहन होत नाही. बट्रेस जपण्यासाठी मुलाचा सराव आखडायचा, तर तो बट्रेस कशासाठी आणला?

नव्या मुलांना पहिले काही आठवडे जेमतेम तीन मीटरवर, कागद न लावलेल्या कोऱ्या बट्रेससमोर उभं करतो. समोर पिवळं वर्तुळ दिसलं की नजर तिकडे धावते आणि खांदा, कोपर, हनुवटीला टेकणारा हात सगळं विसरतं. कोऱ्या बट्रेससमोर फक्त शरीर शिकतं. पण त्यासाठी प्रत्येकाच्या पुढ्यात एक बट्रेस हवा. दहा मुलांत एक असेल तर नऊ जण रांगेत उभे राहून कंटाळतात. म्हणून स्वस्त बट्रेस, आणि तेही भरपूर.

दोन शिट्ट्या म्हणजे रेषेवर या, एक म्हणजे मारा, तीन म्हणजे बाण काढायला चला. हा नियम पाच जणांच्या सरावातही मोडायचा नाही. बाण काढायला पळत जायचं नाही. बाणांच्या मागच्या टोकांसमोर कुणी उभं राहायचं नाही, कारण ओढणाऱ्याचा हात झटक्यात मागे येतो. एक तळवा बट्रेसवर सपाट टेकवायचा, दुसऱ्या हाताने बाण अगदी मुळाशी धरायचा, किंचित पिळायचा आणि सरळ रेषेत ओढायचा.

9.00

सराव आटोपून छोटा हत्ती टेम्पो घेऊन शहरात. भंगारवाल्या शेठकडे मोठी खोकी बाजूला काढून ठेवलेली असतात. फ्रीज, वॉशिंग मशीन, कूलर यांची. छोटी खोकी मी घेत नाही. त्यांतून सव्वा मीटर लांबीची अखंड पट्टी निघत नाही, आणि तुकडे जोडले की बाण नेमका जोडावर जातो. पुठ्ठा पाच पदरी हवा. तीन पदरी लवकर चिरडतो. एका बट्रेसला 70-80 किलो लागतो. किलोला दहा-बारा रुपये धरले तरी आठशे-हजारात काम होतं.

तिथून शिंप्याकडे. दादांनी कात्रणाची दोन पोती भरून ठेवली होती, पैसे घेतले नाहीत. माझी भाची राज्याला खेळून आली का, एवढं विचारलं. आली, म्हटलं.

हार्डवेअरच्या दुकानातून बारा मिलिमीटर जाडीचे, पूर्ण आटे असलेले तीन मीटरचे दोन रॉड. ते मधोमध कापून चार होतात. आठ नट, आठ मोठे वॉशर. फळ्या शटरिंगवाल्या मित्राकडच्या जुन्या.

11.00 ते 1.00

शेडमध्ये पुठ्ठा कापणं. दिवसातलं सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि घाई केली तर सगळ्यात महागात पडणारं. आधी प्रत्येक खोक्याच्या पिना उपटायच्या, चिकटपट्टी सोलायची. एक पिन राहिली तरी बाणाला ओरखडा पडतो आणि ओरखडा पडलेला कार्बन पुढे कधीतरी धनुष्यावरच फुटतो. मी पालकांना हे करायला बसवतो. एखाद्याने तासभर पिना उपटल्या की त्याच्या मुलाने बाण नीट पुसून का ठेवावेत ते वेगळं सांगावं लागत नाही.

पट्टी 125 सेंटिमीटर लांब, 30 सेंटिमीटर रुंद. लांबी मोठ्या कागदावरून ठरते. 70 मीटरवरच्या रिकर्व्हचा कागद 122 सेंटिमीटरचा असतो आणि बट्रेस त्याहून थोडा मोठा लागतो. रुंदी म्हणजे बट्रेसची खोली, जिच्यात बाण थांबायचा. अशा 300च्या आसपास पट्ट्या.

2.30

ही पट्टी कशी रचायची यावर सगळं अवलंबून आहे, म्हणून हे काम मी कुणावर सोपवत नाही.

लोकांना वाटतं बाण अडवायला काहीतरी कठीण लागतं. कुणी फळी लावतं, कुणी जुने टायर टांगतं. फळीत बाणाचं टोक अडकतं आणि काढताना तिथंच राहतं. टायरवरून बाण उलटा येतो, आणि तो कुणाच्या डोळ्यावर येईल सांगता येत नाही. टायर कुणीही, कधीही वापरू नये. वाळूच्या पोत्यात बाण थांबतो, पण दर वेळी कानशीने घासल्यासारखा होऊन निघतो. थर्माकोलचा दोन दिवसांत भुगा होतो आणि तो वाऱ्यावर गावभर जातो.

बाणाला थांबवायचं ते त्याच्या दोन्ही अंगांनी धरून. म्हणून पट्ट्या आडव्या, एकावर एक रचायच्या, म्हणजे पुठ्ठ्याच्या कडा तिरंदाजाकडे येतात. जाड पुस्तकात खूण सरकवावी तसा बाण दोन थरांच्या मधून जातो. कागद फाटण्याऐवजी बाजूला सरतो, दाबामुळे बाणाच्या काडीला दोन्हीकडून घट्ट धरतो आणि सगळा जोर घासण्यात खर्ची पडतो. बाण काढला की थर पुन्हा मिटतात. तोच पुठ्ठा सपाट बाजू समोर करून लावला तर प्रत्येक बाण एक कायमचं भोक पाडून जातो.

खाली दीड मीटरची फळी, तिच्या चार कोपऱ्यांतून चार रॉड उभे. पट्ट्या रॉडच्या मधल्या जागेत. रॉड बट्रेसच्या अंगातून कधीही घालायचे नाहीत, ते दोन्ही टोकांच्या बाहेर राहिले पाहिजेत. कमरेइतका ढीग झाला की वरची फळी ठेवून नट कसायचे, सैल करायचे, पुन्हा भर घालायची. शेवटच्या दाबासाठी शेजारच्या वेल्डरने लोखंडी चौकट करून दिली आहे. तिच्यात गाडीचा जॅक बसवून वरची फळी खाली रेटतो आणि मग पान्याने नट आवळतो. एका कोपऱ्यानंतर तिरक्या समोरचा, नाहीतर फळी वाकडी बसते. दाब पुरेसा झाला का? अंगठा कडेवर रोवून बघायचा. नख रुतलं आणि अंगठा रुतला नाही, की झालं. रॉडची बाहेर आलेली टोकं कापून बाजूंना लाकडी पट्टी ठोकली, म्हणजे भरकटलेला बाण थेट लोखंडावर जाणार नाही.

सकाळचा दबलेला बट्रेस याच चौकटीत घातला. नट सोडले, मधल्या हातभर पट्ट्या काढल्या, सगळ्यात वरच्या आणि खालच्या कोऱ्या पट्ट्या मध्ये आणल्या, मधल्या वर-खाली गेल्या. पुन्हा आवळलं. काही महिन्यांनी पट्ट्यांची मागची कड पुढे करता येते. फोमचा महाग बट्रेस मधोमध खचला की कोपरे नव्यासारखे असूनही बरेचदा सगळाच फेकावा लागतो. यातलं काही फेकावं लागत नाही. म्हणून मला पुठ्ठ्याचा बट्रेस स्वस्त आहे यापेक्षा तो उघडता येतो हे मोठं वाटतं. सगळा खर्च अडीच हजारांच्या घरात.

4.30

ऊन कललं आणि दुपारची मुलं आली. लहानांसाठी कात्रणाची पोती भरायला बसवलं. हलक्या बांबूच्या धनुष्यांना पोतं पुरतं, आणि त्यातून बाण दोन बोटांनी निघतो. खताचं विणलेलं मोठं पोतं धुऊन वाळवलेलं. आत जुन्या साड्या, चादरी, कात्रण. बटणं, चेन, हुक, जीन्सचे पितळी रिव्हेट काढल्याशिवाय एकही चिंधी आत जात नाही. कापड गोळे करून न टाकता घड्या करून ठासायचं, कोपऱ्यांत आधी. दाभण आणि सुतळीने तोंड शिवायचं, पण एका बाजूने दोन वीत उसवता येईल असं, कारण कापड आठवड्याभरात खाली बसतं आणि वर पोकळी होते. त्या पोकळीत मारलेला बाण मागच्या मातीच्या बांधात जातो.

पाटण-जावळीकडच्या शाळा भाताचा पेंढा आवळून वापरतात. बांबूच्या धनुष्याला तो उत्तम, फक्त उंदरांपासून आणि पावसापासून वाचवावा लागतो. उसाचं पाचट आमच्याकडे हवं तेवढं, पण ते ठिसूळ, लवकर चुरा होतो.

मोठ्या मुली कागद बनवत होत्या. जुन्या फ्लेक्सच्या पांढऱ्या मागच्या बाजूवर मधोमध खिळा, त्याला सुतळी, सुतळीला पेन्सिल. 6.1 सेंटिमीटरच्या त्रिज्येचं पहिलं वर्तुळ, मग दर वेळी तेवढंच वाढवत दहा वर्तुळं. आतून बाहेर पिवळा, लाल, निळा, काळा, पांढरा, प्रत्येक रंगाची दोन कडी. आतलं दहा गुणांचं वर्तुळ अशा रीतीने बरोबर 12.2 सेंटिमीटर व्यासाचं येतं. "सर, 70 मीटरवरनं हे एवढंसंच दिसायचं?" एकीने विचारलं. वर्तुळ तिने स्वतः आखलं होतं, म्हणून ते केवढं आहे हे तिला आता कळलं होतं. छापील कागद आम्ही स्पर्धेच्या आधी वापरतो, रोजच्या सरावाला हेच.

6.00

नवा बट्रेस स्टँडवर चढवायला सहा जण लागले. पिवळ्याचा मध्य जमिनीपासून 130 सेंटिमीटर, बट्रेस दहा ते पंधरा अंश मागे कललेला. लांबून येणारा बाण उतरत्या वाटेने येतो, कललेल्या पृष्ठभागात तो सरळ घुसतो. दोन्ही बाजूंनी दोऱ्या ताणून खुंट्या ठोकल्या. साताऱ्याच्या वाऱ्यात न बांधलेला बट्रेस पालथा पडला तर त्यातले सगळे बाण मोडतात.

पहिली फेरी कंपाउंडची, आणि तीही जवळून. पंधरा मीटर. मागच्या बाजूने टोक दिसतं का ते बघायचं. दिसलं नाही. बाण दोन हातांनी पण एका दमात निघाले. काडीला साबणाची वडी चोळली की आणखी सोपे निघतात, हे मुलांना आधीच माहीत होतं.

मग मी शिट्टी एका थोरल्या मुलाकडे दिली आणि अंधारून येईपर्यंत त्यांना मारू दिलं.

रात्री 9.00

जेवताना फोन आला. माण तालुक्यातल्या एका शाळेतले गुरुजी. "सर, आमच्याकडे फ्रीजची खोकी कुठनं मिळायची? सायकलीच्या दुकानातली चालतील का?" चालतील, म्हटलं. सायकलीचं खोकं चांगलं लांब असतं, फक्त पिना फार, सगळ्या काढा. त्यांनी मापं लिहून घेतली आणि जॅक नाही म्हणाले. पान्याने कसा, रोज थोडं थोडं, आठ दिवस. पुठ्ठा आपोआप बसत जातो. आणि गुरुजी, उभा कराल तेव्हा खाली चार विटा ठेवा, वरून फ्लेक्स टाका पण बाजू उघड्या सोडा, नाहीतर आतून घाम धरतो. ते म्हणाले, शनिवारी दोन मुलांना घेऊन येतो, एकदा रचताना बघू द्या. या म्हटलं, त्या दिवशी पट्ट्या कापायच्याच आहेत.