ट्रॅक्टरच्या इंजिनावर धावलेली जीप

बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यातली जुनी डिझेल जीप चालू करताना चावी थेट फिरवायची नसते. आधी हीटर लावायचा, काही सेकंद थांबायचं, मग स्टार्टर मारायचा.

डिझेलला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा सुमारे वीस पट दाबली की ती इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. थंडीत मात्र धातूच ही उष्णता शोषतो, म्हणून हीटर प्लग. टाकी रिकामी झाली की पाइपात हवा शिरते. मेकॅनिक म्हणतात, ‘गाडीनं एअर घेतली.’ मग ब्लीडिंग स्क्रू सैल करून हातपंप मारायचा, फेस थांबून नुसतं डिझेल येईपर्यंत.

महिंद्राची विलिज जीप मुळात पेट्रोलची. १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत महिंद्राची ट्रॅक्टर कंपनी उभी राहिली आणि बी-२७५ ट्रॅक्टर शेतात आला. सत्तरच्या दशकात त्याच घराण्याचं डिझेल इंजिन सीजे ५००डी जीपमध्ये बसलं. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो: वेग बेताचा, पण इंजिनाच्या कमी फेऱ्यांतही ओढ भरपूर. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यानं झालेल्या काळ्या चिखलात फोर-व्हील टाकल्यावर तीच ओढ कामाची. शिवाय ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला हे इंजिन परकं नव्हतं.

पुढे एमएम ५४० जीपमध्ये प्यूजोचं २,११२ सीसीचं एक्सडीपी ४.९० इंजिन आलं. ते इगतपुरीत बनायचं, जास्त फिरायचं आणि रस्त्यावर अधिक चपळ होतं.